संकटात पोथी बांधायची न्हाई

नवऱ्याचं नाव घिऊ नये म्हनत्यात. म्या बी कवा घेतलं न्हाई, उखान्यापुरतं सोडलं तर. पन ह्या मानसानं माझ्या डोक्याला जो ताप दिलाय, त्यो नाव घेतल्याबिगर सांगताच यायचा न्हाई. राधाकृष्ण. गाव राधाकिसना म्हनतं. नगरकडच्या कर्जतपासून जवळच आमचं गाव. जिराईत रान, दोन बैलं, आन् ह्या मानसाला येक खोड, वाचायची.

वाचायची म्हंजे मनात न्हाई, मोठ्यानं. श्रावनात देवळात पोथी लागली की वाचायला ह्येच. गावात दुसरं कोन वाचनारं न्हाई आसं न्हाई. मास्तर हाय, पन त्यो हजेरी घेतल्यावानी वाचतो. ह्ये वाचायला लागले की रडनारं पोर गप बसतं. खोटं कशाला बोलू, तिथं मला बी अभिमान वाटायचा. घरी आले की मातर भांडन ठरलेलं. कारन ह्येंचा येक नेम हुता. संकटात पोथी बांधायची न्हाई.

म्हंजे कसं, वाचता वाचता राजा बंदीत पडला, न्हाई तर कुनाचं लेकरू हरवलं, तर तिथं थांबून पोथीला फडकं गुंडाळायचं न्हाई. ऐकनाराच्या घरात तेच संकट येऊन बसतं म्हनत्यात. राजा सुटूस्तवर वाचायचं, मंगच उठायचं. नेम तसा सगळीकडंच हाय. पन श्यानी लोकं काय करत्यात, संकट यायच्या आधीच थांबत्यात. आमच्या ध्यानाला ते जमंल तर शपथ! रंगात आले की थेट संकटात घुसायचे. मंग त्यातनं बाहेर पडूस्तवर भाकरी वाळून कडक, गुरं दाव्याला वराडत्यात, आन् मी देवळाच्या दारात उभी राहून दातओठ खाती. येकदा तर माझ्या भावाच्या हळदीला जायची यष्टी चुकली. का, तर राक्षस मरत नव्हता!

पोथी वर्सातनं येकदा. बाकीचं वर्स मला निवांत मिळालं आसतं. पन राशीनच्या जत्रंतनं ह्येंनी येक जादूचं पुस्तक आनलं, आन् संपलंच. पुस्तकाचं नाव 'सातदारी'. राजाची लेक हिरणा, तिचा धाकला भाऊ, आन् येक किल्ला. किल्ल्याला सात दारं आन् दर दारामागं येक न्यारा मुलूख. कुठं झाडं बोलत्यात, कुठं दगडाचे हत्ती पानी प्यायला निघत्यात. मागं काजळ्या जादूगार लागलेला. येका दाराचं येक पुस्तक, आशी सात पुस्तकं. नगरच्या रद्दीवाल्याकडनं, जत्रंतनं, कुठनं कुठनं ह्येंनी ती गोळा केली. सहा मिळाली. सातवं कुठंच मिळंना, छापायचं बंद झालंय म्हने.

गावाला निस्तं याड लागलं. पोरींची नावं हिरणा ठिवली. मारक्या बैलाला काजळ्या म्हनायला लागले. आन् ऐकनारांत पयली, लंकाबाई.

वाचनाराफुडं हुंकार देनारं मानूस लागतं. वाचनारानं ओळ संपवली की त्यानं "हं" म्हनायचं. त्यावर वाचनाराला कळतं, कथा पोचतीय. आमच्या गावात ह्यो मान लंकाबाईचा. म्हातारी अंगठाबहाद्दर, पन तिचा हुंकार कवा चुकायचा न्हाई. ह्ये तिला आत्या म्हनायचे, नातं काय नव्हतं. ती "हं" म्हनल्याबिगर ह्येंच्यानं फुडची ओळ वाचवायची न्हाई.

लंकाबाईला येकच लेक, कडूबाई. आधीची लेकरं जगली न्हाईत म्हनून आसलं नाव ठिवलेलं. दुष्काळाच्या आदल्या हंगामात कडू नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेल्ती, कोल्हापुराकडं. परत येताना मिरजेच्या टेसनात कळशी घिऊन पान्याला उतरली आन् गाडी सुटली. टोळी आली, मुकादम आला, नवरा आला. कडू न्हाई आली. लोकं दोनदा जाऊन शोधून आली. नवऱ्यानं वर्साच्या आत दुसरी केली. मेल्याला लाज न्हाई. लंकाबाई मातर रोज सांजच्याला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं हाटायची. कडूला लई आवडायचं ते. हुलगं मिळायचं बंद झालं तवा रेशनच्या मिलो जवारीच्या पिठाचं हाटायची, पन हाटायची.

मंग दुष्काळ पडला. सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. दुपारच्याला पोटाला सरकारी सुखडी वाटायचे, लोकं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीला बसायची, आन् ह्ये वाचायचे. हातोडीनं हाताला फोड आलेले, त्याच हातानं पान उलटायचे. त्या दिवसांत सहावं पुस्तक नवीनच हाती आल्तं. म्या सांगितलं, "आधी घरी वाचून बघा, मंग लोकांफुडं वाचा." ऐकतंय कोन! "मला बी लोकांसंगंच कळू दे की," म्हनले.

कळलं मंग. सहाव्याच्या शेवटाला भाऊ तापानं फनफनलेला, त्येला पायजे सातव्या दाराआतल्या हिरीचं पानी. हिरणा घागर घिऊन पान्याला आत जाती. मागं दार लागतं. पुस्तक संपलं.

ह्ये थांबले. लंकाबाईचा हुंकार आलाच न्हाई. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. म्हातारी दगडाकडं बघत बसलेली, हातातली सुखडी तशीच. मी शेजारीच बसलेली, चौथीपातुर शिकलेली. पुस्तकाच्या फुडच्या पानावर केसाच्या तेलाची जाहिरात हुती. बस्स, दुसरं काय न्हाई.

ह्येंनी पान उलटलं आन् जाहिरातीकडं बघून वाचायला लागले. "तवर सातव्या दाराची कडी वाजली. आई चुलीफुडं बसून हुलग्याचं माडगं हाटत हुती. तिनं वळून बघितलं तर दारात हिरणा. कडंवर भरलेली घागर. आई म्हनली, लई येळ लावलास गं, बस, माडगं निवतंय."

लंकाबाईनं सुस्कारा टाकला. "हं," म्हनली.

घरी आल्यावर म्या धरलं ह्येंला. "लाज न्हाई वाटत? पुस्तकात न्हाई ते वाचलंत! त्या म्हातारीनं खरं धरलं की."

"मंग काय करू? तिथं बांधू पुस्तक?" ह्ये म्हनले. "तिच्याफुडं?"

मी आनखीनच चिडले.

म्हातारीनं ते घट्ट धरलं. रोज कुनाला तरी सांगायची, "हिरणा आली न्हवं हिरीतनं? माझी कडू बी येतीया." काम सुटताना दगडाला हात लावून म्हनायची. जेवायला लागली, बोलायला लागली. मी काय म्हनू?

त्याच उन्हाळ्यात मुंबईची नाटकवाली मंडळी मदतीचे कपडे घिऊन कामावर आली. त्यात येक कर्णिक म्हनून हुते, नाटक बसवनारे. ह्ये तवा तिसरं दार परत वाचत हुते. कर्णिक उन्हात उभे राहून ऐकत राहिले, डोळं भरून आलं त्येंचं. म्हनाले, "हे माझ्या लहानपणाचं पुस्तक आहे हो! मला वाटलं, आता कुणाच्या लक्षातही नसेल." ह्येंचा हात धरला तो सोडीचनात. ह्येंला काय, आभाळ ठेंगनं झालं.

पाऊस झाला, साल उलटलं, आन् कर्णिकांचा मानूस बोलवायला आला. मुंबईत टीवी आल्ता. त्यावर कर्णिकांची मंडळी 'सातदारी' दाखवनार, दर आठवड्याला थोडं थोडं. ह्येंनी फेटा बांधून सुरवातीला बसायचं, वाचायचं, आन् कुठला भाग कुठं तोडायचा ते सांगायचं. म्या म्हनलं, मी बी येनार. येकट्याला सोडलं तर हा मानूस मुंबईतनं काय उचलून आनील सांगता येत न्हाई.

निघताना लंकाबाई येशीपातुर आली. "राधाकिसना, हिरणा हिरीतनं येती ते नीट दाखव म्हनावं. मला बघायचंय."

ह्ये म्हनले, "दाखवतो आत्ते." बगा! शबूद दिऊन बसले.

ते टीवीचं काम म्हंजे काय सांगू. दिव्यांची धग आशी की खडीवरचं ऊन बरं. हीर पुठ्ठ्याची, दगडी हत्ती गोनपाटाचे. ह्येंला फेटा बांधून येका यंत्राफुडं बसवलं आन् म्हनले, वाचा. ह्येंनी येक ओळ वाचली आन् थांबले. परत वाचली, परत थांबले. कर्णिक म्हनाले, "काय झालं?" ह्ये म्हनले, "हुंकार कोन देनार?" मला राहवलं न्हाई, कोपऱ्यातनं म्या दिला, "हं!" तर सगळे अंगावर आले, "बाई, शांतता!" आता घ्या. हुंकाराबिगर वाचनं म्हंजे भिताडाशी बोलनं. तरी शिकले बिचारे.

दुसरं भांडन भाग तोडायचं. ह्ये म्हनायचे, राजा सुटला की थांबा. कर्णिकांचं नेमकं उलटं. काजळ्यानं गळ्याला तरवार लावली की थांबा, म्हंजे लोक फुडच्या आठवड्याला येतील. ह्ये म्हनले, "आठवडाभर तरवार गळ्याला? आवो, घरादारात लेकरंबाळं आसत्यात लोकांच्या!" कर्णिक हसले. हसून मान्य मातर केलं न्हाई. ह्येंला रात रात झोप न्हाई. मुंबईत बसून ह्ये कुनाकुनाच्या घराची काळजी करनार!

पन तेबी गिळलं, कारन ध्यान सगळं सातव्या दाराकडं. येक दिवस कर्णिकांनी पिशवीतनं पुस्तक काढलं. सातवं. त्येंनी लहानपनापासनं जपून ठिवलेलं. ह्येंनी हात धोतराला पुसले आन् तिथंच उभ्याउभ्या वाचून काढलं. मी तोंडाकडं बघत हुते. वाचता वाचता तोंड उतरलं.

हिरणा हिरीतनं येतच न्हाई. ती सोताच पानी हुऊन जाती. मंग हिरीतनं पाट फुटतो आन् सातीच्या साती मुलखांना पानी मिळतं, भाऊ बरा होतो. ह्येंनी मला वाचून दाखवलं तवा माझ्या बी डोळ्याला पदर लागला. शेवट चांगलाच हुता. पन चांगला आसून काय करायचाय? आमच्या म्हाताऱ्या बाईला त्यो दाखवायचा कसा?

ह्ये कर्णिकांकडं गेले. म्हनले, "शेवट बदला साहेब. हिरणा बाहेर येऊ द्या."

कर्णिकांना वाटलं चेष्टा. मंग म्हनाले, "राधाकृष्णराव, या शेवटासाठी तर मी हे सगळं करतोय. किती लोकांनी हे पुस्तक काळजाशी धरलंय. त्यांच्या पुस्तकाशी बेइमानी कशी करू?"

"आवो, पुस्तकच हाय न्हवं? लिहिनारानं लिहिलं, तुमी फुडं लिवा!"

"तुम्ही म्हणता हे? तुमच्याइतकं प्रेम या पुस्तकावर मी कुणाचं पाहिलं नाही."

मंग ह्येंनी सगळं सांगितलं. कडू, मिरज, माडगं, तेलाची जाहिरात. कर्णिकांनी चष्मा काढला. वाईट मानूस नव्हता त्यो, हेच तर दुखनं. वाईट आसता तर मला चार शिव्या तरी घालता आल्या आसत्या. चष्मा पुसला आन् हळूच म्हनाले, "मला कळतंय. खरंच कळतंय. पण पुस्तक एका बाईचं नसतं हो."

मी मधीच बोलले, "आन् ती बाई कुनाची नसती का?"

चहा आल्ता, त्यो तसाच निवून गेला. ह्येंनी फेटा सोडला, घडी करून खुर्चीवर ठिवला आन् म्हनले, "शेवटाच्या भागाला दुसरा वाचनारा बघा." घरी आलो. येताना सगळ्या वाटंनं ह्येंच्या तोंडातनं शबूद न्हाई, आन् माझं तोंड बंद न्हाई. कुनावर चिडावं तेच कळत नव्हतं. कर्णिकांवर? ह्येंच्यावर? का त्या लिहिनारावर, ज्येनं पोरीला हिरीत ढकललं आन् सोता मोकळा झाला?

गावात टीवी कुनी डोळ्यानं बघितला नव्हता, म्हनून म्हनलं निभंल. कसलं निभतंय! माझा भाऊ गोरक्षनाथ पुन्यात कारखान्यात. त्येच्या वाड्याच्या मालकानं टीवी घेतलेला, पुन्यात दिसायला लागलं हुतं. त्यो गावी आला आन् चावडीफुडं बोलून बसला, "दाजींचं सातदारी लागतंय! आता शेवटाचं दार राहिलं." घ्या! भाऊ हाय का वैरी!

लंकाबाई दुसऱ्या दिशी सकाळीच वळकटी बांधून दारात. "चला पुन्याला."

ह्येंनी शंभर सबबी सांगितल्या. टीवी बिघडलाय. चित्रात मुंग्याच दिसत्यात. यष्टीला गर्दी हाय. तुमच्या गुडघ्याला झेपायचं न्हाई. म्हातारी ऐकून घ्यायची आन् म्हनायची, "हं." तिथंच बसून. शेवटी म्याच म्हनलं, "आत्ते, ऐकलीया न्हवं कथा, परत बघून काय करायचं?"

ती म्हनली, "ऐकलीया गं. बघितली न्हाई."

गेलो. यष्टीत ह्येंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत सहावं पुस्तक. कशाला आनलं म्हनून मी डाफरले, तर म्हनले, "आसू दे." मी त्येंला बजावलं, आधीच सांगून टाका म्हातारीला, तोंडघशी पडाल. भिगवनला सांगतो म्हनले. भिगवन गेलं. हडपसरला सांगतो म्हनले. हडपसर बी गेलं. आसला ह्यो मानूस. राक्षस मारायला तयार, खरं बोलायला न्हाई.

मालकाच्या सोप्यात सगळा वाडा गोळा झालेला. पोरं फुडं, बायामानसं मागं. लंकाबाईला भावानं अगदी टीवीफुडं बसवलं. चित्र लागलं. ह्येंच्या जागी जरीच्या फेट्याचा कुनी देखना मानूस बसलेला. त्येनं येक ओळ वाचली आन् लंकाबाई मोठ्यानं म्हनली, "हं." पोरं खदाखदा हसली. तिनं लक्ष दिलं न्हाई. दर ओळीला "हं", दर ओळीला हसू. मी ह्येंच्याकडं बघितलं. घामानं सदरा अंगाला चिकटलेला.

हिरणा हिरीवर आली. ती पुठ्ठ्याचीच हीर, पन चित्रात खरी वाटत हुती. पोरगीनं घागर ठिवली, वर बघितलं, आन् पान्यात उतरली. दिवे मंद झाले. पान्याचा आवाज, नुसता पान्याचा आवाज. मंग पांढऱ्या अक्षरात 'समाप्त'.

सोप्यात कुनी हसलं न्हाई. येक वेनीवाली पोर हुंदके दिऊन रडत हुती. टीवीतली बाई येऊन फुडच्या कार्यक्रमाचं सांगायला लागली. आन् लंकाबाईचा हुंकार काय आला न्हाई.

तवा ह्ये उठले. पिशवीतनं सहावं पुस्तक काढलं, शेवटाचं पान उघडलं. टीवीच्या शेजारी उभे राहून वाचायला लागले, "तवर सातव्या दाराची कडी वाजली..." मालक म्हनाले, "अहो पाहुणे, संपलं ते." ह्ये थांबले न्हाईत. "आई चुलीफुडं बसून हुलग्याचं माडगं..."

रडनारी पोर डोळं पुसत म्हनली, "पण असं नाहीये पुस्तकात! आमच्याकडे आहे सातवं."

झालं! म्या डोळंच मिटून घेतलं.

"राधाकिसना," लंकाबाई म्हनली, "आरं, मला ठावं हाय."

"काय आत्ते?"

"त्या दिशीच कळलं मला, खडीवर. आरं, राजाची रानी कुठं चुलीफुडं बसून हुलग्याचं माडगं हाटती व्हय? ते माझ्या घरातलं हाय. ते तू माझ्यासाठी वाचलंस."

म्याच इचारलं, "मंग आत्ते, येवढ्या लांब कशापायी आलीस?"

"खरं काय हुतं ते येकदा बघायचं हुतं. बघितलं." म्हातारीनं नाकाला पदर लावला, नाक पुसलं, आन् मांडी बदलून ह्येंच्याकडं तोंड करून बसली. "आता तू वाच. संकटात बांधू नगंस बाबा."

मालकानं टीवी बंद केला. ह्येंनी घसा खाकरला आन् पयल्यापासनं वाचलं. कडी वाजली. हिरणा दारात आली. आई म्हनली, लई येळ लावलास गं, बस, माडगं निवतंय.

"हं," लंकाबाई म्हनली.

मंग ती वेनीवाली पोर म्हनली, फुडं काय झालं? ह्येंनी फुडं वाचलं. जेवन झालं, भाऊ उठून बसला, गावजेवान घातलं, काय नि काय. तेलाच्या त्या जाहिरातीत येवढं मावलं कसं देव जाने. आमची कर्जतची यष्टी त्या पायी चुकली. ह्या खेपंला मी येक शबूद बोलले न्हाई.